तिरप्या रेघेची मालकी

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांनी मला शाळेत हिशेब शिकवला. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकले. सर वर्गात दोनच वस्तू घेऊन येत, एक लांबुळकी वही आणि एक काळा रूळ. त्यांच्या तासाला खोडरबर दप्तरातून बाहेर काढायला बंदी होती. आकडा चुकला तर त्याच्यावर रूळ ठेवून लाल शाईची एक बारीक रेघ मारायची. रेघ अशी, की खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी आपली आद्याक्षरे आणि तारीख. "चूक लपवली की ती दुप्पट होते," हे त्यांचे म्हणणे. या रेघेकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

विषय काय घेता, असे वाचनालयाच्या कार्यवाहांनी फोनवर विचारले तेव्हा मी म्हटले, सॉफ्टवेअरची पेटंटे. पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. मग ते अगदी आर्जवाने म्हणाले, "श्रोते ज्येष्ठ आहेत हो आपले." मी म्हटले, काळजी करू नका, हिशेबाच्या वहीबद्दलच बोलणार आहे. ते मी खरे करून दाखवतो.

१९७८ साली अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एका वर्गात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी फळ्याकडे बघत बसला होता. प्राध्यापकांनी फळ्यावर उभ्या-आडव्या रकान्यांत एक आर्थिक गणित मांडले होते. त्यातला एखादा आकडा चुकला किंवा बदलावासा वाटला, की तो पुसायचा. मग त्याच्यावर विसंबलेला पुढचा आकडा पुसायचा, मग त्याच्या पुढचा. डस्टरचा धुरळा नुसता. ब्रिकलिनच्या मनात आले, फळा असा का नसावा, की एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतील? त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन रात्री-रात्री जागून प्रोग्रॅम लिहू लागला, कारण भाड्याच्या मोठ्या संगणकाचा वेळ रात्री स्वस्त मिळे. १९७९ साली ॲपल-टू या छोट्या संगणकासाठी तो प्रोग्रॅम विक्रीला आला. नाव व्हिजिकॅल्क. आज वाचनालयाच्या वर्गणीपासून लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीपर्यंत जे आपण एक्सेलमध्ये करतो, त्या स्प्रेडशीटचा हा मूळपुरुष.

व्हिजिकॅल्कमध्ये आज्ञा द्यायची तर एक कळ दाबावी लागे: तिरपी रेघ, स्लॅश. ती दाबली की वर आज्ञांची अक्षरे उमटत. स्तंभांना अक्षरे, ओळींना आकडे, म्हणजे ए-१, बी-२ ही पत्त्याची पद्धत त्यांचीच. आणि या कशाचेही पेटंट त्यांनी घेतले नाही. विचारले होते. प्रोग्रॅमला पेटंट मिळण्याची आशा फारशी नाही, असे तेव्हा वकिलाने सांगितले. ते चूकही नव्हते. १९७२ आणि १९७८ च्या दोन निकालांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या गणिती रीतीला पेटंट द्यायला नकार दिला होता. वारे फिरले ते १९८१ साली, रबर तापवून पक्के करण्याच्या साच्याच्या खटल्यात. त्या साच्याचे तापमान आणि वेळ संगणक सांभाळत होता, आणि त्या सगळ्या प्रक्रियेला पेटंट मिळू शकते असे न्यायालय म्हणाले. एवढीशी फट होती. पुढच्या वीस वर्षांत तिचा दरवाजा झाला.

आता ज्याच्याविषयी मला मुख्यतः बोलायचे आहे तो माणूस. मिच केपर, जन्म १९५०, ब्रुकलिन. हा आधी रेडिओवर गाणी लावायचा. मग महर्षी महेश योगींचे भावातीत ध्यान शिकवायचा. मग एका इस्पितळात मनोरुग्णांचा समुपदेशक झाला. घरचा स्टीरिओ विकून त्याने ॲपल-टू घेतला आणि त्यातच गुंतला. व्हिजिकॅल्कच्या आकड्यांचे आलेख काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला, तो विकून पैसे केले आणि १९८२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवले लोटस. हे कमळ लक्ष्मीचे नव्हे, पद्मासनाचे. ध्यान शिकवण्याच्या दिवसांची ती आठवण.

भांडवल आले बेन रोझन याच्याकडून, आणि ही साखळी गंमतीची आहे. रोझन पूर्वी शेअर बाजाराचा विश्लेषक होता आणि व्हिजिकॅल्कचे महत्त्व जाणकारांना सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत होता. तोच पुढे व्हिजिकॅल्कला गिळणाऱ्या कंपनीचा पाठीराखा झाला. जोनाथन सॅक्सने लिहिलेला 'लोटस वन-टू-थ्री' जानेवारी १९८३ मध्ये बाजारात आला. पहिल्या वर्षी १० लाख डॉलरची विक्री होईल असा केपरचा अंदाज होता. झाली ५ कोटी ३० लाखांची. माझ्या सरांना हा आकडा सांगितला असता तर त्यांनी आधी बेरीज तपासायला लावली असती.

इथे मी मध्ये येतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एका सहकारी साखर कारखान्यात हिशेब खात्यात चिकटलो. खात्यात नवा पीसी आला होता. त्याच्यावर टॉवेल पांघरलेला असे आणि खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. त्या पीसीवर वन-टू-थ्री होते. ते विकत घेतलेले नव्हते, हे इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. पुण्याहून कुणीतरी फ्लॉपीवर आणले होते, जशी त्या काळी सगळ्यांकडे असत. मालकी हक्कावर बोलायला उभा राहिलेला माणूस चोरीच्या मालावर शिकला आहे, हे आपण ध्यानात ठेवा आणि त्या मानाने माझे बोलणे तोलून घ्या.

पंधरवड्याचे ऊसबिल म्हणजे काय असते, हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. वजनकाट्यावरचे टन, दर, त्यातून सोसायटीचे कर्ज, ठेव, आणखी चार कपाती, आणि हातात काय उरले. आमच्याकडच्या वन-टू-थ्रीत एका पानावर २०४८ ओळी होत्या. सभासद त्याहून कितीतरी जास्त. शिवाय २०४८ भरायच्या आधीच मशीनची मेमरी संपून जाई. म्हणून आम्ही गटवार फायली केल्या. एका रात्री शेतकी खात्याने दर दुरुस्त करून पाठवला. पूर्वी असे झाले की आठ कारकून दोन दिवस बसत. मी एका घरात आकडा बदलला, आणि पडद्यावर वरून खाली सगळी बिले थरथरत बदलली. मागे उभे असलेले आमचे वयस्क हेडक्लार्क म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केले. ते म्हणाले, "अजून एकदा." हिशेब तपासण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी.

आणि त्या पानावर आज्ञा द्यायची कळ कुठली? तिरपी रेघ. व्हिजिकॅल्कची.

आता पेटंटाकडे. सरांच्या भाषेत सांगतो. ताळेबंद करायचा तर आधी नफा-तोटा पत्रक पाहिजे, आणि ते करायचे तर आधी तेरीज. वहीत ताळेबंदाचे पान आधी आले म्हणून कुणी तो आधी करत नाही. व्हिजिकॅल्क मात्र पान ज्या क्रमाने आखलेले त्याच क्रमाने गणित करी, ओळीमागून ओळ किंवा स्तंभामागून स्तंभ. एखादे घर खालच्या, अजून न मोजलेल्या घरावर विसंबले असेल तर उत्तर चुकायचे. पुन्हा मोजायला सांगावे लागे. वन-टू-थ्री आधी बघे की कोण कुणावर अवलंबून आहे, आणि त्या क्रमाने मोजे. सुधारणा चांगली, आणि हिशेबनीसाच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक.

ही युक्ती कॅनडातल्या रेने पार्डो आणि रेमी लँडॉ या दोघांना आधीच सुचली होती. त्यांनी त्यावर मोठ्या टेलिफोन कंपन्यांचे अंदाजपत्रक करणारा प्रोग्रॅम बांधला आणि १९७० साली अमेरिकेत पेटंटाचा अर्ज केला. पेटंट कार्यालयाने तो फेटाळला: हे तर गणित आहे. ते भांडत राहिले. १९८२ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि ऑगस्ट १९८३ मध्ये पेटंट मिळाले.

तारखा पुन्हा बघा. अर्ज १९७०. व्हिजिकॅल्क १९७९. वन-टू-थ्री जानेवारी १९८३. पेटंट ऑगस्ट १९८३. लोटसचा माल दुकानात येऊन सात महिने झाल्यावर पेटंटाचा कागद निघाला. त्या काळी अमेरिकेत अर्ज मंजूर होईपर्यंत कपाटात बंद असे. १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध करण्याची पद्धत पुढे २००० साली आली. १९८२ चा न्यायालयीन निकाल तेवढा छापला गेला होता, पण रात्री दोन वाजता प्रोग्रॅम लिहिणारा माणूस न्यायनिवाड्यांचे खंड उशाशी घेऊन झोपत नाही.

१९८९ साली रिफॅक नावाच्या कंपनीने या पेटंटाच्या बळावर लोटससह स्प्रेडशीट विकणाऱ्या अनेक कंपन्यांवर दावे ठोकले. रिफॅक स्वतः स्प्रेडशीट बनवत नव्हती. दुसऱ्यांच्या पेटंटांचे परवाने विकणे हाच तिचा धंदा. आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. अमेरिकेत पुढे अशांना 'ट्रोल' म्हणू लागले.

मार्च १९९० मध्ये मिच केपर अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे साक्षीला गेला. तोवर लोटस सोडून त्याला चार वर्षे झाली होती. त्याच्या साक्षीचा गाभा असा: कपाटात कोणते अर्ज पडले आहेत हे कळण्याची सोयच नाही, त्यामुळे अगदी सरळ माणूस स्वतःच्या डोक्याने प्रोग्रॅम लिहील, आणि त्यातला एखादा भाग दुसऱ्याच्या अर्जात आधीच अडकलेला असेल. हे नुसते शक्य नाही, तसे होणे संभवनीय आहे.

प्रताधिकार आणि पेटंट यांतला फरक इथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांत दोन्हींची खिचडी होते. मी कादंबरी लिहिली आणि तुम्ही ती न वाचता योगायोगाने तशीच गोष्ट लिहिलीत, तर प्रताधिकार तुम्हाला हात लावत नाही. तुम्ही नक्कल केलीत का, एवढाच प्रश्न असतो. पेटंटाला नकलेशी देणेघेणे नाही. तुम्ही एकटे, दार लावून, स्वतःच्या बुद्धीने तीच युक्ती शोधलीत तरी तुम्ही अपराधी. लोखंडी नांगराच्या बाबतीत हे चालून जाते. नांगरात दहा भाग असतात. माझ्या ऊसबिलाच्या प्रोग्रॅममध्ये शेकडो लहान-लहान युक्त्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक कुणाची आहे हे शोधत बसलो असतो तर गाळप हंगाम संपला असता.

पण केपरचे म्हणणे मी डोळे मिटून घेत नाही. तो पुढे गुंतवणूकदार झाला, आणि कुठल्याही गुंतवणूकदाराचे मत ऐकताना त्याचा खिसा कुठे आहे ते आधी बघावे, ही हिशेबनीसाची खोड. केपरचे पहिले ऐश्वर्य कशावर उभे होते? ब्रिकलिनने पेटंट न घेतल्यावर. घेतले असते, तर वन-टू-थ्री तसे निघालेच नसते. ज्याला कुंपण नसल्याचा फायदा झाला तो कुंपणाविरुद्ध बोलणारच. ब्रिकलिनने स्वतः पुढे प्रांजळपणे लिहिले आहे, की हाच शोध नंतरच्या काळात लावला असता तर मी अर्ज नक्की केला असता, कायदाच तसा झाला आहे. आणि पार्डो-लँडॉ? ते ट्रोल नव्हते. त्यांनी वस्तू बनवली, वापरात आणली, आणि तेरा वर्षे दारे ठोठावली. त्यांच्या पदरात काय पडले? १९९६ साली अपील न्यायालयाने ते पेटंट निकामी ठरवले. गणिताच्या मुद्द्यावर नव्हे. पेटंट मिळवताना जोडलेल्या प्रतिज्ञापत्रांपैकी एक ज्याने केले होते, त्याने या दोघांच्या कंपनीत आपण आठ आठवडे काम केले होते हे सांगितले नव्हते. आठ आठवडे! पंचवीस वर्षांचा वाद त्या न सांगितलेल्या आठ आठवड्यांवर बुडाला. मला हा निकाल वाचून केपरच्या बाजूचा आनंद झाला नाही. थोडी शरमच वाटली.

शिवाय लोटसचे घर तरी कुठे धुतल्या तांदळाचे? केपर गेल्यावर जानेवारी १९८७ मध्ये लोटसने पेपरबॅक सॉफ्टवेअरवर प्रताधिकाराचा दावा लावला. ती कंपनी ॲडम ऑस्बोर्नची. हा माणूस आपल्याला परका नाही. त्याचे बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला रमण महर्षींच्या सान्निध्यात गेले आणि २००३ साली तो कोडाईकनालला वारला. सोबत नेता येईल असा संगणक त्याने १९८१ मध्ये बाजारात आणला होता. त्याचे स्प्रेडशीट १०० डॉलरला, लोटसचे ४९५ ला. वापरणाऱ्याला नव्याने शिकावे लागू नये म्हणून आज्ञांची मांडणी त्याने लोटससारखी ठेवली, तिरप्या रेघेसकट. जून १९९० मध्ये, म्हणजे केपरच्या साक्षीनंतर तीनच महिन्यांनी, न्यायालयाने लोटसच्या बाजूने निकाल दिला. ऑस्बोर्नची कंपनी त्यातून सावरली नाही. आणि दरम्यान व्हिजिकॅल्कच्या जुन्या मालकांनी लोटसवरच दावा लावून पाहिला होता: मांडणी मुळात आमची! लोटसचे उत्तर असे, की व्हिजिकॅल्क आम्ही १९८५ सालीच विकत घेतले आहे. न्यायालयाने ते मान्य केले. म्हणजे तिरपी रेघ बापाची, ती मुलाने उचलली, बापाला विकत घेतले आणि शेजाऱ्यावर फिर्याद केली.

त्याच मांडणीवरून बोरलँड या कंपनीवर झालेला दावा मात्र १९९५ मध्ये अपिलात उलटला. न्यायाधीश म्हणाले, या आज्ञा व्हीसीआरच्या बटणांसारख्या आहेत, यंत्र चालवण्याची रीत आहे. सर्वोच्च न्यायालयात एक न्यायमूर्ती बाजूला झाल्याने मते ४-४ पडली आणि अपिलाचा निकाल कायम राहिला. आज घरी गेल्यावर एक्सेल उघडा आणि तिरपी रेघ दाबा. वरच्या पट्टीवर अक्षरे उमटतील. ते लोटसवाल्यांच्या बोटांसाठी ठेवलेले आहे. एका घरात ६० हा आकडा लिहून त्याला तारखेचे रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० असे दिसेल. १९०० हे लीप वर्ष नव्हते. ती लोटसची चूक; जुन्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जशीच्या तशी घेतली. रोजच्या वापराची साधने अशी वाढतात, वाड्यासारखी. पणजोबांनी चुकीच्या जागी काढलेली खिडकीसुद्धा कुणी बुजवत नाही.

केपरचा दुसरा विचार मला पेटंटाइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण तो कमी लोकांना ठाऊक आहे. १९९० सालीच त्याने सॉफ्टवेअर-रचनेचा एक जाहीरनामा मांडला. घर बांधायचे तर आपण आधी वास्तुशिल्पकाकडे जातो, स्थापत्य अभियंत्याकडे नंतर. सॉफ्टवेअरमध्ये मात्र पहिली पायरीच नाही, ही त्याची तक्रार. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने चांगल्या इमारतीच्या सांगितलेल्या तीन कसोट्या त्याने प्रोग्रॅमला लावल्या. ती मोडू नये, कामाची असावी, आणि वापरताना मन प्रसन्न व्हावे. माझे हेडक्लार्क "अजून एकदा" म्हणाले ते या तिसऱ्या कसोटीपोटी. त्याला पेटंट नसते.

हा विचार घेऊन केपरने पुढे, गुंतवणूकदार म्हणून नाव आणि पैसा मिळवल्यावर, एक साधन स्वतः बांधायला घेतले. नाव चँडलर. छोट्या कचेरीतल्या माणसांना एकमेकांचे कॅलेंडर बघता यावे, टिपणे, पत्रे, कामांच्या याद्या एकत्र असाव्यात, आणि त्यासाठी महागडा सर्व्हर विकत घ्यावा लागू नये. सगळे खुले, कुणीही घ्यावे. स्वतःचे लक्षावधी डॉलर त्याने त्यात ओतले. सहा-सात वर्षे गेली. २००८ च्या सुरुवातीला त्याने पैसा थांबवला. त्याच वर्षी पहिली पूर्ण आवृत्ती आली, पण तोवर लोक दुसरीकडे गेले होते. इथे कुठलेही पेटंट आडवे आले नव्हते. हुशार माणसे खोलीत बसून, प्रत्येक गोष्ट पुन्हा मुळापासून विचारत राहिली. कुंपण काढले की पीक आपोआप येते, असे मानणाऱ्यांनी चँडलरची कहाणी वाचावी.

आता जरा भरभर पुढे जातो. केपरने १९९० साली दोघा साथीदारांसह इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन ही संस्था काढली होती. २०१२ मध्ये मार्क क्युबन या दुसऱ्या धनिक गुंतवणूकदाराने तिला अडीच लाख डॉलर दिले आणि अट घातली, की त्यातून निघणाऱ्या पदाचे नाव 'मूर्ख पेटंटे नष्ट करण्यासाठीचे मार्क क्युबन अध्यासन' असावे. नाव खरोखर तसेच ठेवले गेले. आपल्या विद्यापीठांतल्या अध्यासनांची नावे आठवून मला हसू आले. कोलोरॅडोतला ब्रॅड फेल्ड हा गुंतवणूकदारही सॉफ्टवेअर पेटंटे मुळातच रद्द करा, असे वर्षानुवर्षे सांगत आला.

यांना एवढा राग का यावा, याचा नमुना त्याच सुमारास घडला. अमेरिकेतल्या १६ हजारांहून अधिक लहान व्यावसायिकांना पत्रे गेली. तुमच्याकडे स्कॅनर आहे ना? बटण दाबले की कागद ईमेलने जातो ना? मग आमच्या पेटंटाचा भंग झाला. दर नोकरामागे सुमारे १००० डॉलर भरा. ज्यांनी स्कॅनर बनवला त्यांना पत्र नाही, ज्यांनी तो दुकानातून आणून टेबलावर ठेवला त्यांना. पाठवणाऱ्या कंपन्यांची नावे अर्थहीन अक्षरांची, आणि सगळ्यांच्या मागे एकच मालक. २०१३ साली व्हरमाँट राज्याने त्याच्यावर खटला भरला. आपल्या बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याला असे इंग्रजी पत्र आले तर तो काय करील? वकिलाची फी ऐकेल आणि निमूट पैसे भरील. हा धंदा त्या फीवरच चालतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की जुनी कल्पना 'संगणकावर करा' एवढे म्हटल्याने शोध होत नाही. त्यानंतर बरीच पेटंटे गळाली.

भारतात काय? आमच्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात 'संगणक प्रोग्रॅम पर से' हा शोध नव्हे, असे २००२ च्या दुरुस्तीने लिहिले गेले. डिसेंबर २००४ मध्ये वटहुकूम आला आणि त्यात हे दार किलकिले करण्यात आले. २००५ मध्ये संसदेने दुरुस्ती करताना ते पुन्हा लावले. देशभर तेव्हा औषधांवर वाद पेटला होता, सॉफ्टवेअरकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. दार असे बंद राहिल्यामुळे गावोगावी दुकानांत, पतसंस्थांत, सीएच्या कचेऱ्यांत हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांना कधी कपाटातल्या अर्जांची धास्ती वाटली नाही. ही सोय आपल्या पूर्ण लक्षात आलेली नाही, कारण न आलेले पत्र कुणाला दिसत नाही. 'पर से' या दोन लॅटिन शब्दांवर मात्र वकिलांची पोटे अजून भरत आहेत. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला वाट आहे असे म्हटले. 

माझी एक कबुली राहिली आहे. कारखाना सोडल्यावर मी पुण्यात एका कंपनीत गेलो. तिचे काम अमेरिकन ग्राहकांसाठी. तिथे आम्ही तिघांनी एक सोय बांधली: कोष्टकात कुणी आकडा बदलला तर जुना आकडा रेघ मारलेल्या रूपात दिसत राहावा, वर नवा, आणि कुणी कधी बदलला त्याची खूण शेजारी. साहेबांना आवडली. एके दिवशी अमेरिकेहून वकिलाचा फोन आला आणि मला तासभर प्रश्न विचारले गेले. दोन महिन्यांनी वीस पानांचा मसुदा हाती आला. त्यात 'आकडा' हा शब्द कुठे नव्हता. 'प्रथम मूल्यदर्शक घटक' होता. माझे काम मला ओळखू येईना. शेवटच्या पानावर शपथ होती: मी या शोधाचा मूळ आणि पहिला कर्ता आहे, असे मी मानतो. मी सही केली. त्या आठ आठवड्यांवाल्या प्रतिज्ञापत्राची मला तेव्हा माहिती नव्हती, आणि असती तरी सही केलीच असती. बक्षिसाच्या रकमेतून घरी फ्रिज आला. पेटंट मिळाले, त्यावर आम्हा तिघांची नावे छापली गेली, आणि काही वर्षांनी कंपनीने मुदतीची फी न भरल्यामुळे ते संपले.

ते छापून आले त्या दिवाळीत मी गावी आलो आणि सरांना दाखवायला त्याची प्रत घेऊन गेलो. शिक्षकाला दाखवायचा मोह, दुसरे काय. सर तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी चष्मा लावला, इंग्रजी मजकुराची पाने उलटली आणि आकृत्यांपाशी थांबले. आकृती ३. एक कोष्टक, एका चौकटीत रेघ मारलेला आकडा, वर दुसरा, शेजारी दोन अक्षरे आणि तारीख. बराच वेळ ते बघत राहिले. मी बोलायचे टाळले.

"ही रेघ काळी का?" त्यांनी विचारले.

"पेटंटाची चित्रं काळ्या शाईतच काढावी लागतात, सर."

"मग अपुरं आहे," सर म्हणाले, आणि चहा टाका म्हणून त्यांनी आत हाक मारली.